नदीचं पाणी तपासून पोट भरेल का?

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी पुण्यात बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुळा-मुठेच्या पाण्यात औषधांचे, साबणांचे अंश किती उतरतात यावर तिला संशोधन करायचंय. तुम्ही लिहिलंय, ‘घाण पाणी तपासून पोट भरणार का? त्यापेक्षा फार्मा कंपनीत लागलेली बरी.’ काळजी रास्त आहे. पण या दोन वाटा तुम्हाला वाटतात तेवढ्या वेगळ्या नाहीत.

बीओडी, सीओडी या पाण्याच्या नेहमीच्या चाचण्या. त्या केल्या की पाण्यात सेंद्रिय घाण एकूण किती, याचा अंदाज येतो. ती कसली, हे त्यातून कळत नाही. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं उदाहरण घ्या. मेलेली जनावरं खाणाऱ्या गिधाडांच्या जिवावर उठलं म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी बंद केलेलं हे औषध माणसं आजही घेतात आणि त्यातलं थोडं सांडपाण्यात जातं. असे अंश लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागांत मोजावे लागतात. त्यासाठी एलसी-एमएस/एमएस हे यंत्र लागतं, ते मिश्रणातली रसायनं वेगळी करून रेणूंच्या वजनावरून ओळखतं. औषध कंपन्या याच यंत्रावर गोळीतली अशुद्धी शोधतात. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली, तीही असल्याच तपासणीत. हे यंत्र ज्याच्या हाताला बसलं, त्याला फक्त नदीच्या भरवशावर राहावं लागत नाही.

तरीही मुलीला नदीच का खुणावते, तेही समजून घ्या. अमेरिकेत सिएटलच्या आसपास जोराचा पाऊस झाला की शहरातल्या ओढ्यांत आलेले कोहो सामन मासे अंडी घालण्याआधीच मरत. कारण वर्षानुवर्षं सापडेना. संशय टायरच्या चुऱ्यावर होता, पण त्याच्या अर्कात दोन हजारांवर रसायनं! संशोधक ती गटागटाने वेगळी करून माशांवर तपासत गेले आणि २०२० च्या अखेरीस एका रेणूवर बोट ठेवलं, ६पीपीडी-क्विनोन. टायरला तडे जाऊ नयेत म्हणून घातलेल्या रसायनाची ओझोनशी क्रिया होऊन तो तयार होतो. पुण्यात टायर कमी झिजतात का?

मात्र या कामाला चिकाटी लागते. माझ्या एका विद्यार्थिनीबरोबर मी नमुने घ्यायला पुलावर गेलो होतो. तपकिरी काचेच्या बाटल्या, कारण प्लॅस्टिकमधून थॅलेट, म्हणजे ते मऊ करायला घातलेली रसायनं, पाण्यात उतरतात. हाताला क्रीम लावायचं नाही. एक बाटली शुद्ध पाण्याची, ती पुलावर उघडायची, बंद करायची आणि बर्फाच्या पेटीत घालून परत आणायची. त्या शुद्ध पाण्यातच थॅलेट निघालं, म्हणजे ते नदीतलं नव्हे, आमच्याच हाताळणीतून आलेलं असणार. तिने तीन महिन्यांचे नमुने बाजूला ठेवले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तुमच्या मुलीला असं करणं जमेल का, हा माझ्या मते पगाराच्याही आधीचा प्रश्न आहे.

माझा स्पष्ट सल्ला: एम.एस्सी. पर्यावरणशास्त्रात नको, विश्लेषणात्मक किंवा सेंद्रिय रसायनशास्त्रात करू द्या. पाया रसायनाचा पक्का असला की पर्यावरण नंतर शिकता येतं, उलट अवघड जातं. आयआयटीत एम.एस्सी. करायची तर जॅम या प्रवेश परीक्षेची तयारी आतापासून हवी, परीक्षा फेब्रुवारीत असते. पुढे सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. म्हणजे पीएच.डी.चा भार घरावर पडत नाही. पर्यावरणावर काम करणारी नागपूरची नीरी, रसायनशास्त्रावर काम करणारी पुण्याची एनसीएल या सरकारी संशोधन संस्था तिच्या नजरेसमोर असू द्या. सरकारी शास्त्रज्ञाच्या कायम जागा मात्र मोजक्या असतात आणि जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो. तेवढ्यावरच विसंबू नका.

या सुट्टीत तिला कॉलेजच्या एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, बसू द्या. एकच नमुना सलग दहा वेळा चालवायचा आणि दहाही उत्तरं जुळतात का बघायचं. नाही जुळली तर का, हे तिने स्वतः शोधायचं. ते दहा आलेख घेऊन दोघी या, मग पुढचं बोलू.