जुन्या डब्ल्यू१२३ मॉडेलच्या मर्सिडीजला १४ ऐवजी १५ इंची ओरिजिनल डिझाइनचे अलॉय रिम बसतील का?

बसतील भावा, आणि दिसतात पण झकास. फक्त टायर ठरवल्याशिवाय रिम घेऊ नको. तुझा आत्ताचा १९५/७० आर१४ टायर (१९५ मिमी रुंद, साइडवॉल त्याच्या ७० टक्के, रिम १४ इंची) म्हणजे साधारण ६२९ मिमी उंच आणि १५ मध्ये २०५/६० घेतलास तर ६२७, म्हणजे स्पीडोमीटरला काही कळणार पण नाही. दुकानदार २०५/६५ गळ्यात मारतील कारण तो सहज मिळतो, पण तो जातो ६४७ वर, म्हणजे स्पीडोमीटर चुकणार.

पीसीडी, म्हणजे बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, ५ x ११२ पाहिजे आणि ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती बाहेर आहे ते, ओरिजिनल ३० मिमीच्या आसपास, फार कमी घेतलास तर मागे चार माणसं बसली की टायर फेंडरला घासणार.

आता जे कोणी सांगत नाही ते, बोल्ट! स्टीलच्या रिमचे बोल्ट आखूड असतात, अलॉयला लांब लागतात. मी तुर्भ्याला चाकं बसवली तेव्हा पोऱ्या जुनेच बोल्ट लावत होता, जेमतेम चार आटे पकडत होते, थांबवला म्हणून बरं. डिकीतली स्टेपनी स्टीलची असेल तर तिचे पाच आखूड बोल्ट पिशवीत घालून तिथेच ठेव, लांब बोल्ट त्यात लावले तर मागच्या चाकात आत हँडब्रेकच्या शूजला लागू शकतात.

ठाण्याच्या घोडबंदर रोडने रोज जाणार असशील तर मात्र १४ च बरी, खड्ड्यात ती जाड साइडवॉलच वाचवते.