निवासी डॉक्टर कन्सोलवर असताना

प्रिय डॉक्टर,

प्रोस्टेटच्या कर्करोगावरील रोबोटिक शस्त्रक्रियेत निवासी डॉक्टरला कन्सोलवर, म्हणजे रोबोटचे हात जिथून चालवतात त्या जागी, बसवल्याने रुग्णाचे नुकसान होते का, असे तू विचारले आहेस. बहुतेक अभ्यासांत शस्त्रक्रियेचा वेळ वाढलेला दिसतो, गुंतागुंतीचे प्रमाण मात्र फारसे वाढलेले दिसत नाही. एवढ्यावर समाधान मानू नकोस. सोपे रुग्ण आणि सोपे टप्पेच सहसा शिकणाऱ्याच्या हाती दिले जातात, आणि ‘निवासी डॉक्टरचा सहभाग’ एवढ्या नोंदीवरून त्याने मूत्राशय पोटाच्या पुढच्या भिंतीपासून सोडवले की मूत्रमार्ग जोडला, हे कळत नाही.

वाढलेल्या वेळेची झळ रुग्णालाच बसते. त्याचे डोके खाली असते, पोटात वायू भरलेला असतो; चेहऱ्यावर सूज येते, खांद्याच्या आणि पायांच्या नसांवर दाब पडतो. म्हणून आपल्या टप्प्याची वेळ आधीच ठरवून घे आणि ती संपताच वरिष्ठांनी ताबा घेतला, तर वाईट वाटून घेऊ नकोस. दुहेरी कन्सोल, म्हणजे शिकणारा आणि वरिष्ठ दोघांसाठी एकेक कन्सोल, असेल तर हा ताबा क्षणात घेता येतो. माझ्या मते रुग्णाचे खरे संरक्षण तिथेच आहे.

सर्वाधिक तयारी प्रोस्टेट काढल्यावर करायच्या मूत्राशय आणि मूत्रमार्गाच्या जोडणीची कर. बहुतेक रोबोटिक यंत्रांत दोऱ्याचा ताण हाताला जाणवत नाही. तो ऊतीचा फिकट पडणारा रंग आणि आत वळणारी कड पाहून ओळखावा लागतो. सुई तिच्या वळणाने न फिरवता सरळ ओढली, तर मूत्रमार्गाची नाजूक कड चिरते, लघवी झिरपते आणि कॅथेटर (लघवीची नळी) अधिक दिवस ठेवावा लागतो. ही सवय सिम्युलेटरवरच मोडायला हवी.

२००७ साली अमेरिकेतील ७२ सर्जन आणि ७,७६५ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या सर्जनच्या रुग्णांत पाच वर्षांत आजार परतण्याचे अंदाजित प्रमाण १७.९ टक्के होते. २५० शस्त्रक्रियांच्या अनुभवानंतर ते १०.७ टक्के झाले. त्या शस्त्रक्रिया खुल्या पद्धतीच्या होत्या, तरी निवासी म्हणून दिसणाऱ्या चांगल्या निकालात वरिष्ठांचा वाटा किती मोठा असतो, हे त्यावरून ताडता येते. त्यामुळे एम.सीएच. (शस्त्रक्रियेतील उच्च पदवी) झाल्यावरही सुरुवातीच्या शस्त्रक्रियांना अनुभवी सर्जनला शेजारी बसव.

तू काय करणार आहेस, हे रुग्णाला संमती घेतानाच स्वतः सांग. तू केलेला टप्पा नोंदवहीत लिही, त्याची चित्रफीत वरिष्ठांबरोबर पाहा आणि तीन महिन्यांनी ओपीडीत त्याच रुग्णाला लघवी गळण्यासाठी दिवसाला किती पॅड लागतात, तेही त्याच ओळीत नोंदव.

तुझा हितचिंतक