'मेमरी फुल', 'स्मृती' आणि घोकणे

प्रश्न : 'मोबाइलची मेमरी फुल झाली' याला मराठीत 'स्मृती भरली' म्हणावे का?

मुळीच नको. फोटो-व्हिडिओंनी भरते ती साठवण. 'जागा संपली' म्हणा, मोकळे व्हा. दुकानदार रॅमलाही (चालू कामापुरती तात्पुरती जागा) मेमरी म्हणतो आणि स्टोरेजलाही (कायमची साठवण), आणि आपण त्या घोळावर 'स्मृती'चा शेंदूर फासतो! एकोणिसाव्या शतकात संगणकाची कल्पना मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्राच्या आकडे साठवायच्या भागाला सरळ 'स्टोअर' म्हटले होते, म्हणजे कोठार. संगणकाला 'मेमरी' चिकटवण्यात मोठा वाटा गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्या संगणकाच्या रचनेवरील १९४५च्या अहवालाचा. त्यात यंत्राच्या भागांची तुलना थेट मज्जापेशींशी आहे.

स्मृती, स्मरण, आठवण यांतला फरक कोशात मिळेल. खरी गंमत स्मृतीत ठेवण्यासाठी आपण जे करतो त्या 'घोकणे'त आहे. मूळ संस्कृत 'घोष'. 'ष'चा 'ख' होतो, जसा हर्षाचा हरख, म्हणून हिंदीत घोखना. मराठी शेवटच्या 'ख'तला हकार टाकून देते : भूख-भूक, भीख-भीक, सीखना-शिकणे. तसेच घोखना-घोकणे. घोकणे आणि घोटणे एकच, असे ठासून सांगणाऱ्यांनी ही जोड्यांची रांग एकदा मोठ्याने म्हणून पाहावी. घोटण्यात खल-बत्ता आहे, घोकण्यात आवाज.

म्हणजे घोकणे हे मुळात मोठ्याने म्हणणे. वेदपाठकांच्या घनपाठात शब्द उलटसुलट जुळवून म्हणतात; शब्दांना क्रमांक दिले तर असे : एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. एखादा शब्द निसटला तर लगेच कळते. 'घोकंपट्टी'ला शिवी करून टाकणाऱ्या शिक्षणतज्ज्ञांनी जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस वाचावा. १८८५ सालीच त्याने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून दाखवले की विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी एका बैठकीतल्या रट्ट्याहून जास्त टिकते. न समजता घोकणे वाईट, हे मान्य. पण तो दोष न समजण्याचा.

आणि रॅम? तीही घोकतेच. तिच्यातला प्रत्येक बिट (माहितीचा सर्वांत लहान कण, ० किंवा १) म्हणजे चिमुकल्या कपॅसिटरमधला (वीज साठवणाऱ्या घटकातला) विद्युतभार, आणि तो सतत गळतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत बिटांची प्रत्येक ओळ वाचून पुन्हा लिहावी लागते. वीज गेली की घोकणे थांबले, पाठ गेला. या पुन्हा लिहिण्याला इंग्रजीत 'रिफ्रेश' म्हणतात, आणि मराठीत कोणी 'नूतनीकरण'. नूतनीकरण परवान्याचे होते. 'घोकणी' हा घरचा शब्द असताना तो का वापरू नये?