गिटारचा टोन घडवायला रॅक इक्वलायझर घ्यायचा आहे: ३१ बँडचा ग्राफिक की पॅरामेट्रिक?

तुमच्या प्रश्नातून एवढं कळतं: ट्यूब ॲम्प आहे, त्याला इफेक्ट लूप आहे (टोन घडवणारा प्रीॲम्प आणि स्पीकर चालवणारा पॉवर ॲम्प यांच्या मधे बाहेरचं उपकरण जोडायची सेंड-रिटर्नची जागा), डिस्टॉर्शन लावलं की रिदम गढूळ होतो आणि बँडमध्ये गिटार बुडून जाते. या कामासाठी ३१ बँडचा ग्राफिक (ठरलेल्या फ्रिक्वेन्सींचे स्लायडर असलेला) घेऊ नका. तीन-चार बँडचा पॅरामेट्रिक घ्या, ज्यात प्रत्येक बँडची फ्रिक्वेन्सी, रुंदी आणि वाढ-घट नॉबने ठरवता येते. स्लायडरच हवे असतील तर १५ बँडचा ग्राफिक पुरे.

स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची असते आणि गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने पडतो. म्हणजे ८० ते ६३०० हर्ट्झ एवढाच पट्टा कामाचा. ३१ पैकी २० स्लायडर त्यात येतात, उरलेल्या ११ चे पैसे वाया. शिवाय एक तृतीयांश ऑक्टेव्हचे (सप्तकाचे) ते अरुंद बँड मुख्यतः पीएच्या, म्हणजे कार्यक्रमातल्या लाउडस्पीकर यंत्रणेच्या कामाचे, फीडबॅकची शिट्टी नेमकी कापण्यासाठी. गिटारच्या टोनला लागतात ते साधारण एक ऑक्टेव्ह रुंदीचे बदल, आणि त्यासाठी दरवेळी शेजारचे तीन स्लायडर मिळून उंचवटा करावा लागतो. मेसा बूगीच्या ॲम्पवर पाचच स्लायडर असतात (८०, २४०, ७५०, २२०० आणि ६६०० हर्ट्झ) आणि त्यावर लोकांचं मस्त चालतं. पॅरामेट्रिकचा फायदा असा की त्रास २८० हर्ट्झवर असेल तर २५० आणि ३१५ च्या मध्ये अडकून पडत नाही.

गिटार थेट रॅकमध्ये लावू नका. पिकअपला १ मेगाओमच्या आसपासचा इनपुट लागतो, रॅकचा बहुधा काही दहा किलोओमचाच असतो. ट्रेबल तिथेच मरतो. शिवाय रॅकचा नॉइज पुढचा हाय-गेन प्रीॲम्प कितीतरी पट मोठा करतो. जागा इफेक्ट लूपमध्येच: सेंडमधून इनपुटला, आउटपुटमधून रिटर्नला.

आता लेव्हल. स्टुडिओची रॅक उपकरणं +४ डीबीयूला जुळवलेली असतात, घरगुती ऑडिओची −१० डीबीव्हीला (ही सिग्नलच्या व्होल्टेजची मापं). दोन्हींत सुमारे १२ डेसिबलचा फरक. काही ॲम्पचा लूप त्याहूनही खाली, पेडलच्या लेव्हलला असतो. असा लूप +४ च्या उपकरणात घातला तर चालतो, पण फुसफुस वाढते. उलट, तगडा सेंड −१० च्या उपकरणात घातला तर क्लिपचा लाल दिवा लागतो आणि नको तिथे कोरडी करकर ऐकू येते. म्हणून मागे लेव्हलचं बटण किंवा पुढे इनपुट गेन असलेलंच मॉडेल निवडा. इनपुट-आउटपुट जॅकचे हवेत. फक्त एक्सएलआर (माइकच्या केबलचं तीन पिनांचं सॉकेट) असेल तर केबलची कटकट मागे लागते.

लूप पॅरलल आहे का, म्हणजे मूळ सिग्नलही बाजूने सरळ पुढे जातो का, तेही बघा. त्याचा मिक्स नॉब निम्म्यावर असेल तर इक्वलायझर न झालेला सिग्नल सोबत जात राहतो. कितीही खोल कट करा, प्रत्यक्षात ६ डेसिबलपेक्षा खाली जात नाही. मिक्स पूर्ण १०० टक्के ठेवा. जोडणीनंतर हम आला तर ॲम्प आणि रॅक एकाच पॉवर बोर्डवर लावून बघा. तरी राहिला तर सेंडवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. प्लगची अर्थ पिन कापण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ट्यूब ॲम्पमध्ये शेकडो व्होल्ट असतात.

गढूळपणाबद्दल मात्र एक खरं सांगायला हवं. जाड तारांचा बास आधीच डिस्टॉर्शनमध्ये शिरून चिखल झाला असेल, तर लूपमधला इक्वलायझर तो निम्माच साफ करतो. बास डिस्टॉर्शनच्या आधी कमी करा. ट्यूब स्क्रीमर जातीचा पेडल हेच करतो, त्याचा गेन ७२० हर्ट्झच्या खाली उतरत जातो. ड्राइव्ह कमी, लेव्हल जास्त ठेवून तो गिटार आणि ॲम्पच्या इनपुटच्या मधे लावा. मग गेलेलं वजन लूपमधून १०० हर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबलने परत आणा.

बाकीचं लावताना आधी कापा, मग वाढवा. एक बँड अरुंद करून +८ वर न्या आणि हळूहळू फिरवा. जिथे सगळ्यात वाईट ऐकू येईल तिथे थांबून ३ ते ५ डेसिबल खाली आणा. ते बहुधा २०० ते ३१५ मध्ये सापडतं. आवाज नाकातून आल्यासारखा वाटला तर ५०० ते ८०० तपासा. बँडमध्ये पुढे यायला १ ते २ किलोहर्ट्झमध्ये रुंद, २-३ डेसिबलची वाढ बस होते. इथे लोक उलट करतात: घरी एकट्याने मिड पाडून भारदस्त टोन बनवतात आणि ड्रम-बास सुरू झाले की गिटार गायब. शेवटचं सेटिंग बँडसोबत, वाजवायच्या आवाजातच करा. कमी आवाजात कानाला बास आणि ट्रेबल कमी ऐकू येतात. बायपास दाबून तुलना करताना दोन्हीकडचा आवाज सारखा करा, नाहीतर जो मोठा तोच चांगला वाटतो.

बासला ६ डेसिबल वाढवलं की तिथे पॉवर ॲम्पकडून चौपट वॉट मागितले जातात. ॲम्प आधीच कळसाला असेल तर बास वाढणार नाही, फक्त फसफसेल.

वापरलेलं घेत असाल तर प्रत्येक स्लायडर किंवा नॉब फिरवून खरखर ऐका, आणि मागचा व्होल्टेज सिलेक्टर तुमच्या वीजपुरवठ्याशी जुळतो का ते पाहा. सोलोला आवाज चढवणं हे याच उपकरणाकडून करून घ्यायचं मनात असेल तर फूटस्विचचं सॉकेट आहे का तेही विचारा. बऱ्याच रॅक इक्वलायझरना ते नसतं. मग लूपमध्ये वेगळा स्विचर लावा, किंवा सोलोपुरता एक छोटा ग्राफिक पेडल पायाशी ठेवा.