गाडी उघडायचं नंतर बघू, आधी ४०१-के चं लोन बघा

अमेरिकेत आयटीत असलेल्या ४६ वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आलंय. नऊ महिन्यांपूर्वी त्यांनी १९६७ ची कॉर्व्हेट कूपे घेतली, ७८ हजार डॉलरला. गाडी इतकी वर्षं एकाच घरात होती, रंग कारखान्यातलाच, ड्रायव्हरच्या सीटची शिवण उसवलेली, रिस्टोअर कधीच झालेली नाही. त्यांचा प्रश्न असा की ६५ हजार घालून पूर्ण रिस्टोअर करू, 'टॉप फ्लाइट' सर्टिफिकेट मिळवू आणि दीड लाखाला विकू, का आहे तशीच 'सर्व्हायव्हर'च्या जजिंगला नेऊ? आणि शेवटी जाता जाता एक ओळ: "५० हजार ४०१-के मधून लोन घेतलं, व्याज आपलंच आपल्याला मिळतं म्हणून. पुढच्या महिन्यात नवीन कंपनी जॉइन करतोय."

अहो, प्रश्न ह्या शेवटच्या ओळीत आहे. गाडी साठ वर्षं थांबलीय, अजून वर्षभर सहज थांबेल. नोकरीतल्या रिटायरमेंट खात्यातून, म्हणजे ४०१-के प्लॅनमधून, घेतलेलं हे लोन थांबणार नाही.

नोकरी सोडली की बहुतेक प्लॅन उरलेलं लोन तुमच्या शिल्लकेतून वळतं करून घेतात. पाच वर्षांच्या हिशोबाने तुमचे आत्तापर्यंत साधारण सात हजार फिटले असतील, म्हणजे ४३ हजार उरले. ते वळते झाले की सरकारच्या लेखी तुम्ही ४३ हजार काढून घेतले, आणि वयाच्या साडेएकोणसाठच्या आत काढले म्हणून वर १० टक्के दंड. तुम्ही २४ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल असं धरतो, म्हणजे ३४ टक्के झाले, साधारण साडेचौदा हजार, आणि राज्याचा टॅक्स असला तर तो वेगळा, म्हणजे १६-१७ हजार धरून चाला. हातात एक डॉलर नवा न येता एवढे जाणार.

ह्यातून वाट आहे, पण ती राजीनामा द्यायच्या आधी शोधायची. प्लॅन चालवणाऱ्यांना फोन करा आणि विचारा, नोकरी सोडल्यावरही हप्ते चालू ठेवता येतात का. काही प्लॅन देतात. नव्या कंपनीच्या एचआरला विचारा की त्यांचा प्लॅन जुनं खातं लोनसकट आपल्याकडे वळवून, म्हणजे रोलओव्हर, घेतो का. दोन्हीकडून नाही आलं, तर लोन ज्या वर्षी वळतं होतं त्या वर्षाच्या रिटर्नच्या तारखेपर्यंत, एक्स्टेंशन घेतलं तर पुढच्या ऑक्टोबरपर्यंत, तेवढीच रक्कम आयआरए मध्ये, म्हणजे स्वतः उघडलेल्या रिटायरमेंट खात्यात, भरली की टॅक्सही नाही आणि दंडही नाही. म्हणजे तुम्हाला ४३ हजार उभे करायचेत. जॉइनिंग बोनस मिळणार असेल तर तो इथे जाईल, रिस्टोरेशनसाठी बाजूला ठेवलेलं जे काही असेल ते इथे जाईल, आणि तरी कमी पडले तर गाडी विकावी लागेल. गाडी अखंड असली तर ती विकता येते, हे लक्षात ठेवा. बॉडी फ्रेमवरून उचललेली, इंजिन एका दुकानात, बंपर क्रोमवाल्याकडे आणि नटबोल्ट खोक्यात, अशी गाडी ऑक्टोबरमध्ये घाईने विकायला काढलीत तर समोरचा सांगेल तो भाव घ्यावा लागेल. तुमचा रिस्टोरेशनवाला १४ महिने म्हणतोय. तारखा जुळवून बघा.

आणि "व्याज आपलंच आपल्याला" हे जे कोणी तुम्हाला सांगितलं त्यांनी अर्धंच सांगितलं. ते ५० हजार नऊ महिने बाजारात नाहीत, ही ह्या लोनची खरी किंमत आहे.

आता दीड लाखाचं गणित. ७८ आणि ६५ मिळून १४३. दीड लाखाला गेलीच, तर लिलावाचं कमिशन दहा टक्के धरा, हातात १३५ येतील. म्हणजे सगळं मनासारखं होऊन आठ हजार तोटा, शिवाय दोन वर्षांचा इन्शुरन्स आणि जागेचं भाडं. हौसेच्या गाडीवरचा तोटा टॅक्समध्ये दाखवता येत नाही, आणि फायदा झाला तर त्यावरचा टॅक्स कलेक्टिबल म्हणून २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तुम्हाला गाडी विकणारा ब्रोकर म्हणतो, तिची किंमत वर्षाला १२ टक्के वाढते. १२ टक्क्यांनी पैसे सहा वर्षांत दुप्पट होतात. तो तुम्हाला सहा वर्षांनी दीड लाखाला स्वतः विकत घेतो असं लिहून देतोय का, विचारा. नाही देणार.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: उघडू नका. कुठलाच भाग नाही. ह्या छंदातले लोक म्हणतात ते खरंच आहे, गाडी ओरिजिनल एकदाच असते. ६७ च्या कॉर्व्हेटवर कारखान्यात लॅकर मारलेला होता, आता कारखान्यात तसा कोणी मारत नाही, तो पॉलिश करत करत पातळ झालाय आणि कडांना तडे गेलेत तरी तोच पुरावा आहे. एकदा खरवडलात की कितीही पैसे टाकले तरी परत येणार नाही.

शिवाय ही दोन सर्टिफिकेटं एकाच शिडीच्या दोन पायऱ्या आहेत असं तुम्ही धरलंय, ते तसं नाही. टॉप फ्लाइट एनसीआरएसचं, म्हणजे १९७४ मध्ये सुरू झालेल्या कॉर्व्हेट रिस्टोअरर्स सोसायटीचं. तिथे ४५०० गुण असतात आणि ९४ टक्के लागतात, आणि कारखान्यातून निघताना गाडी जशी दिसायची तशी दिसते का हे बघतात, म्हणून चांगली रिस्टोअर केलेली गाडी तिथे बसते. सर्व्हायव्हर ब्लूमिंग्टन गोल्ड ह्या कॉर्व्हेटच्या शोचं, १९९० पासून. तिथे गाडी अर्ध्याहून जास्त कारखान्यातलीच राहिलेली लागते, रस्त्यावर चालवून दाखवावी लागते, आणि बाकीच्यांनी तिच्याकडे बघून आपली गाडी दुरुस्त करावी इतपत तिचं फिनिश टिकलेलं लागतं. ६५ हजार घालून तुम्ही दुसऱ्या रांगेतून कायमचे बाहेर पडता आणि पहिल्या रांगेत शेकडो रिस्टोअर केलेल्या गाड्यांच्या मागे उभे राहता.

ब्रोकरने दिलेला 'इन्व्हेस्टमेंट ग्रेड' कागद फाइलमध्ये ठेवा, पण त्याची किंमत शून्य धरा. विकणाऱ्यानेच विकायच्या मालाला दिलेलं प्रमाणपत्र आहे ते, आणि असं काही हातात देऊन लोकांच्या रिटायरमेंटचे पैसे हलवतात ह्याचा मला मनापासून राग येतो.

त्यापेक्षा येत्या शनिवारी टॉर्च घेऊन हूड उघडा. प्रवाशाच्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या अगदी पुढे ब्लॉकवर एक छोटी सपाट पट्टी आहे. तिच्यावर दोन शिक्के असतात. एक इंजिन कुठे आणि कधी जुळवलं त्याचा, म्हणजे व्ही ने सुरू झाला तर फ्लिंट आणि पुढचे चार आकडे महिना-तारीख. दुसऱ्यात ७ आणि मग तुमच्या गाडीच्या चासी नंबराचे (व्हीआयएन) शेवटचे सहा आकडे. आकडे जुळले म्हणून खूश होऊ नका, आकडे कोणीही ठोकू शकतं. आकड्यांच्या खालचं लोखंड तिरप्या उजेडात बघा, पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा दिसल्या पाहिजेत, कारखान्याच्या मशीनच्या. तिथे गुळगुळीत किंवा गोल घासल्याच्या खुणा असतील तर कोणीतरी नंतर हात फिरवलाय. घाण असली तर मऊ फडक्याने पुसा, वायर ब्रश आणि सँडपेपर अजिबात नको, त्या रेघाच गेल्या तर जज काय बघणार? आणि ६७ पासून पेट्रोलच्या टाकीच्या वर बिल्ड शीट चिकटवलेली असायची, आरशाने किंवा छोट्या कॅमेऱ्याने दिसते का बघा, ओढायला जाऊ नका. रंगाची जाडी कोणी लोहचुंबकाच्या मीटरने मोजून दाखवली तर त्याला घरी पाठवा, बॉडी फायबरग्लासची आहे.

हे सगळं जुळलं, तर लोन मिटल्यावर पुढच्या सीझनला सर्व्हायव्हरला न्या. फी, ट्रेलर, हॉटेल मिळून दोन-तीन हजारांत होईल. सर्टिफिकेट त्या दिवशी जजना काय दिसलं ते सांगतं, भावाची गॅरंटी देत नाही, तेव्हा ते मिळालं म्हणून पुन्हा लोन काढू नका.

इन्शुरन्सचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणजे रोजच्या गाडीच्या पॉलिसीतच टाकली असणार. ती कंपनी घसारा वजा करून पैसे देते. 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू' पॉलिसी घ्या, 'स्टेटेड व्हॅल्यू' नाही, नावं सारखी वाटतात पण दुसरीत कंपनी आकडा कमी करू शकते. ह्याच आठवड्यात करा.

आणि प्लॅनला फोन सोमवारी सकाळी, राजीनाम्याची मेल पाठवायच्या आधी. ते काय म्हणाले ते मला कळवा, हप्ते चालू ठेवू देत असतील तर आपण पुढचं गणित वेगळं मांडू.