सावंतवाडीच्या गंजिफ्यात १२० पाने का असतात?

आपण विचारले आहे की, साध्या पत्त्यांच्या जोडात ५२ पाने असताना सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात, म्हणजे पत्त्यांच्या जुन्या पारंपरिक खेळात, १२० का. याचे उत्तर विष्णूच्या दहा अवतारांत आहे: प्रत्येक अवताराचा एक स्वतंत्र रंग असून त्यात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने, अशी बारा पाने येतात. हा खेळ इराणी परंपरेतून आला. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ साली त्याने सिंधमध्ये गंजिफा पाठवल्याची नोंद आहे आणि मोगली जोडात आठ रंगांची ९६ पाने असत. अवतारांची योजना हे त्याचे भारतीय रूप होय.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती यातली एक रीत: निम्म्या रंगांत राजा आणि प्रधान यांच्याखालोखाल दश्शी श्रेष्ठ, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का श्रेष्ठ ठरतो, त्यामुळे खेळताना स्मरणशक्तीचा चांगलाच कस लागतो.

पाने गोल असतात व हाताने रंगवून त्यांवर लाखेचा थर देतात. लुप्त होऊ लागलेली ही कला सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून जगवली. तिथे आजही हे काम प्रत्यक्ष पाहता येते.