माहिती होती, तरी लोक ताप का लपवत होते?

तुमचा प्रश्न असा की, कोरोनाबद्दल एवढी जनजागृती झाली, फोन लावला तरी आधी खोकला ऐकू यायचा, मग लोक इतके बेफिकीर का वागले? मला त्यातला 'बेफिकीर' हा शब्द पटत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली आणि आशाताईंबरोबर घरोघर फिरायची ड्युटी लागली. त्यांच्याकडे ताप बघायची बंदूक आणि ऑक्सिमीटर, माझ्याकडे वही. दोन दिवसांत लक्षात आलं की माहितीची वानवा कुठेच नाही. सत्तरीची आजीसुद्धा "तोंड बांधायचं, साबणानं हात धुवायचं, लांब बसायचं" असं घडाघडा म्हणून दाखवायची. मग आम्ही विचारायचो, घरात कुणाला ताप, खोकला? "न्हाई बाई, समदी ठणठणीत हायती." तेवढ्यात आतल्या खोलीतून दाबून धरलेला खोकला यायचा. आशाताई माझ्याकडे बघायच्या, मी वहीत.

का लपवत होते? कारण खरं सांगितल्यावर काय होतं ते सगळ्यांनी उन्हाळ्यात पाहिलं होतं. मुंबई-पुण्याहून आलेली आमच्याच गावची माणसं आमच्याच शाळेत ठेवलेली, हातावर शिक्के मारून. एक जण पॉझिटिव्ह निघाला तर कळक बांधून अख्खी गल्ली बंद. त्या घरचं दूध पुढे महिनाभर कुणी घेईना. त्यात सोयाबीन काढणीला आलेलं. चौदा दिवस घरात बसलं तर शेंगा रानातच फुटणार. हा हिशेब करूनच माणूस ताप लपवत होता.

पुण्याने हे आधी एकदा पाहिलंय. १८९७च्या प्लेगात रँडचे सोजीर घराघरात शिरायचे, संशयित रुग्णाला उचलून न्यायचे, सामान जाळायचे. तेव्हाही लोक आजारी माणूस दडवून ठेवत, मेल्याची बातमीसुद्धा दाबत. गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्याच वर्षी झालेला साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला.

उलट धारावी बघा. जेमतेम दोन-अडीच चौरस किलोमीटरची वस्ती, एका खोलीत आठ-दहा जण, बहुतेकांना संडास सार्वजनिक. 'घरात राहा, अंतर ठेवा' हे तिथे ऐकायलाही बरं वाटलं नसतं. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला रुग्ण सापडला. महापालिकेने मग वस्तीतल्या खाजगी डॉक्टरांना सोबत घेतलं. वर्षानुवर्षं ज्यांच्याकडून औषध घेतलं तेच डॉक्टर तपासायला आल्यावर लोक पुढे आले. विलगीकरणात जेवणाची सोय होती. जुलैपर्यंत रुग्णसंख्या इतकी उतरली की जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनीही धारावीचं नाव घेतलं.

निव्वळ बेफिकिरी नव्हतीच असं मात्र म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये भाचीच्या लग्नात मी स्वतः मास्क पर्समध्ये ठेवून फोटो काढलेत. पहिली लाट ओसरली म्हणजे संपलं, असं शिकल्यासवरलेल्यांनाही वाटत होतं. पुढे एप्रिलमध्ये ओळखीची माणसं जायला लागली, तेव्हा जानेवारीत लसीला नाक मुरडणारेच पहाटे पाचला केंद्राबाहेर रांगेत उभे होते.

आमच्या आशाताईंनी त्यांच्यापुरता मार्ग काढला होता. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्यांनी "ताप आहे का" हे विचारणंच सोडलं. दारात बसायच्या, पाणी मागायच्या, रानातली कामं कुठवर आली ते ऐकायच्या आणि उठता उठता म्हणायच्या, "अंग-बिंग दुखतंय का कुणाचं? गोळ्या आहेत माझ्याकडे." आतून माणूस आपणहून बाहेर यायचा. गोळी हातावर ठेवताना त्या दुसऱ्या हाताने त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायच्या.